घोडबंदर रस्त्यावरील एक पॅथॉलॉजी लॅब : दीड वर्षाचा अनुभव

माझ्या सहा वर्षांच्या मुलीला मिथाईलमॅलोनिक ॲसिडेमिया हा आनुवंशिक चयापचय विकार असल्यामुळे आमची दर महिन्याला या लॅबमध्ये फेरी असते. नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढील तक्रारी ठाण्यातील कोणत्याही लॅबबाबत तपासून पाहण्यासारख्या आहेत.

सुरुवात वाईट झाली. या विकारात रक्तात वाढू शकणाऱ्या विषारी अमोनियाच्या तपासणीसाठी घरी आलेल्या लॅबच्या मुलाने दंडाला पट्टा घट्ट आवळून रक्त काढले आणि नमुना बर्फाशिवाय पिशवीत टाकून मानपाड्याच्या वाहतूक कोंडीतून नेला. घट्ट पट्ट्याने आकडा खोटा वाढू शकतो आणि रक्त काढल्यावरही नळीत अमोनिया तयार होत राहतो, म्हणून नमुना बर्फात ठेवून लगेच प्लाझ्मा वेगळा करावा लागतो. आकडा अर्थातच भयंकर आला. आम्ही रुग्णालयात धावलो आणि तेथील फेरतपासणी सामान्य निघाली. त्यातच फोनवरील ताईंनी मुलीला बारा तास उपाशी आणायला सांगितले होते. या विकारात उपासाने शरीरातील प्रथिने मोडू लागतात आणि मूल अत्यवस्थ होऊ शकते, हे त्यांच्या छापील सूचनांत कोठेच नाही.

रक्तपेशींच्या तपासणीत मात्र हीच लॅब उजवी ठरली. या विकारात साचणाऱ्या आम्लांमुळे अस्थिमज्जा मंदावते आणि आजारपणात पांढऱ्या पेशी व प्लेटलेट्स घसरतात. पावसाळ्यात तापाच्या वेळी न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 800 पर्यंत घसरले, तेव्हा यंत्राच्या आकड्यावर न थांबता पॅथॉलॉजिस्टबाईंनी स्वतः रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि अहवाल निघण्यापूर्वीच आम्हाला फोन केला. त्या फोनपुढे पार्किंगचा त्रास काहीच नाही.

या विकारात मूत्रपिंडेही बिघडू शकतात, आणि तो प्रश्न अधिक फसवा आहे. मूत्रपिंडे गाळून टाकतात ते रक्तातील क्रिएटिनिन 0.5 आले, म्हणजे अहवालानुसार सामान्य. 110 सेंटीमीटर उंची धरून श्वार्ट्झ सूत्राने (मुलांची उंची व क्रिएटिनिन यांवरून काढायच्या हिशेबाने) मूत्रपिंडाची गाळणक्षमता सुमारे 91 येते. परंतु क्रिएटिनिन स्नायूंपासून तयार होते आणि मर्यादित प्रथिनांवर वाढणाऱ्या या मुलांचे स्नायू बारीक असतात, त्यामुळे मूत्रपिंड हळूहळू निकामी होत असले तरी आकडा चांगलाच दिसतो. डॉक्टरांनी सांगितल्यावर सिस्टॅटिन सी या, स्नायूंवर फारशा अवलंबून नसलेल्या, रक्तातील प्रथिनाची तपासणी केली; ते 1.2 निघाले आणि त्यावरून गाळणक्षमता जेमतेम 60 ठरली. लॅब ही तपासणी बाहेर पाठवते व अहवाल चौथ्या दिवशी देते. तेवढे आम्ही थांबतो.

अमोनियासाठी आता थेट रुग्णालयातच जातो. बाकी तपासण्या येथेच, सकाळी आठला, मुलीला पेज पाजून.