हॅम्प्टन कोर्ट: कार्डिनल वुल्झीसाठी पाहावा असा राजवाडा

लंडनच्या वॉटर्लू स्थानकाहून थेट रेल्वेने गाठता येणारा हॅम्प्टन कोर्ट राजवाडा बहुतेक पर्यटक इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्यासाठी पाहतात. माझ्या मते तो टॉमस वुल्झीसाठी पाहावा. इप्सविचमधल्या खाटकाचा हा मुलगा १५१५ मध्ये कार्डिनल, म्हणजे कॅथलिक चर्चमधला पोपखालोखालचा धर्माधिकारी, आणि लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे राजाचा प्रमुख मंत्री झाला, आणि राजाचा कारभार हाकता हाकता त्याने थेम्सकाठी हा प्रासाद उभारला. बेस कोर्ट या प्रशस्त चौकाभोवतीची पाहुण्यांची दालने आणि जोव्हान्नी दा मायानोने घडवलेले रोमन सम्राटांचे भाजलेल्या मातीचे अर्धपुतळे पाहिले, की या मंत्र्याची ऐट राजाला कशी खुपली असेल, हे वेगळे सांगावे लागत नाही. प्रचंड ‘ग्रेट हॉल’ मात्र हेन्रीने नंतर बांधून घेतला. राणी कॅथरीनशी झालेला हेन्रीचा विवाह रद्द करण्यास पोपची संमती मिळवता न आल्याने १५२९ मध्ये वुल्झीचे पद गेले. राजवाडा तर त्याआधीच राजाकडे गेला होता. राजद्रोहाच्या आरोपाखाली लंडनला नेले जात असताना १५३० च्या नोव्हेंबरमध्ये लेस्टर येथे त्याचा मृत्यू झाला. भिंतींना लाकडी फळ्या जडवलेल्या वुल्झीच्या खोल्या साध्या वाटतात (भपक्याची सवय झालेल्या डोळ्यांना तर फारच), तरी त्या घाईत उरकू नयेत. बागेसह संपूर्ण दिवस राखून ठेवावा.