घरातल्या चौघांचं महिन्याचं वाचन: वही, तक्ता की शीट?

महिनाअखेरीला ‘काय काय वाचलं?’ असं घरात विचारलं की शेवटच्या आठवड्यातली दोन पुस्तकं तेवढी आठवतात. आधीची सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) परत गेलेली असतात, दिवाळी अंक शेजारी गेलेला असतो आणि मोबाइलवर वाचलेलं तर कुणी धरतच नाही. नोंद असेल तरच महिन्याकडे वळून पाहता येतं. ती ठेवायचे चालण्यासारखे मार्ग तीन: सगळ्यांची मिळून एक वही, भिंतीवरचा तक्ता आणि सगळ्यांच्या मोबाइलवर उघडणारी गूगल शीट.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. एका छताखाली आजीपासून नातीपर्यंत सगळे वाचत असतील तर वही. वाचायची सवयच अजून लागायची असेल तर तक्ता, तोही दोन-तीन महिन्यांपुरता. आणि एक जण पुण्यात शिकायला, एक सातपूरला शिफ्टवर, आजी पंचवटीत अशी पांगापांग असेल तर शीटला पर्याय नाही.

पण साधन निवडण्याआधी मोजायचं काय ते ठरवा, कारण तिन्ही मार्ग बहुतेक इथेच फसतात. ‘पुस्तकं किती झाली’ हे माप सोपं वाटतं आणि सर्वांत जास्त दगा देतं. २४ पानांचं चित्रपुस्तक आणि ४०० पानांची कादंबरी त्यात सारखीच धरली जातात. महिनाभरात मुलं पातळ पुस्तकं शोधायला लागतात आणि मोठ्यांची कादंबरी अर्धीच राहिली म्हणून त्यांचा रकाना कोरा दिसतो. आजीचं उदाहरण घ्या. दासबोधात २० दशक आणि दर दशकात १० समास. रोज एक समास वाचला तर ३० दिवसांत तीन दशक होतात, पूर्ण ग्रंथाला २०० दिवस लागतात. घरात सर्वांत नेमानं वाचणारी तीच, आणि पुस्तकांच्या मोजणीत महिनाअखेरी तिच्यापुढे शून्य. वाचनाची नोंद ठेवणारी गुडरीड्ससारखी अ‍ॅप्स बाद होतात ती मुख्यतः याच कारणानं: त्यांची वर्षाची मोजणी संपलेल्या पुस्तकांची असते. शिवाय एकच मराठी पुस्तक तिथे कधीकधी देवनागरीत एकदा आणि रोमन लिपीत एकदा असं दोनदा सापडतं, आणि आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) नसलेल्या जुन्या आवृत्त्या किंवा दिवाळी अंक बरेचदा शोधून सापडत नाहीत. एकट्या वाचणाऱ्याला ते ठीक आहे, घराला नाही.

पानंही नकोत. छापील पान, किंडलवरचे टक्के आणि ऐकायच्या पुस्तकाचे तास यांची बेरीज होत नाही. त्यापेक्षा ‘बैठक’ धरा: सलग किमान १५ मिनिटं वाचलं की एक बैठक. समास असो, दिवाळी अंकातली कथा असो की बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचा ऑनलाइन वाचलेला जुना अंक असो, सगळे एका मापात येतात. वर्तमानपत्र धरायचं की नाही हे पहिल्याच दिवशी ठरवा. आम्ही म्हणू, पुरवणीतला सबंध लेख धरा, नुसते मथळे नकोत. मोठ्यानं वाचून दाखवलं तर बैठक दोघांची, फक्त ऐकणाऱ्याच्या नावापुढे ‘ऐ’ लिहायचं.

आता वही. शाळेची २०० पानी चालते, पण फुलस्केप आकाराचं पुठ्ठा बांधणीचं रजिस्टर बरं, कारण समोरासमोरच्या दोन पानांत महिन्यातल्या बऱ्याच नोंदी बसतात. रकाने सहा: तारीख, काय वाचलं, कुणी, कुठून आलं, कुठवर आलं आणि एक ओळ. ‘कुठून आलं’ हा रकाना लोक गाळतात आणि मग पस्तावतात. नाशिकमध्ये पुस्तकं एका वाटेनं येत नाहीत. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ची गटागटांत फिरणारी पुस्तकपेटी आहे (हा उपक्रम २००९ पासून इथूनच सुरू झाला), शाळेचं ग्रंथालय आहे, उसनवारी आहे. पेटी पुढच्या गटाकडे गेली की आवडलेलं पुस्तक कशात होतं ते आठवत नाही. वाचनालयाच्या पुस्तकापुढे परतीची तारीख तिथेच लिहा. दंडाची कटकट तिथेच मिटते.

एक ओळ म्हणजे खरोखर एकच ओळ, आणि तिच्यात ‘छान’, ‘आवडलं’, ‘बोधप्रद’ हे शब्द बंद. नोंद अशी दिसली पाहिजे: ‘१२ तारीख, किशोरचा जुना अंक, धाकटी, मोबाइल, अर्धा, कोडं सुटलं नाही, बाबालाही नाही.’ एवढ्यावरून महिन्यानंतरही तो दिवस उभा राहतो. ज्याला लिहिता येत नाही त्यानं सांगायचं आणि दुसऱ्यानं त्याच्याच शब्दांत उतरवायचं, सुधारून नव्हे.

वही बिघडते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे ती कपाटात जाते. ती जेवणाच्या टेबलाजवळ किंवा टीव्हीपाशी, दोरीनं बांधलेल्या पेनासकट उघड्यावरच राहिली पाहिजे. दुसरं म्हणजे घरातला एकच माणूस मुनीम होऊन बसतो, बहुधा आईच. मग बाकीचे तिला तोंडी सांगतात, ती रविवारी आठवून भरते आणि नोंदी खोट्या व्हायला लागतात. उपाय कडक आहे: स्वतःची ओळ स्वतः, आणि दोन दिवसांपेक्षा जुनी बैठक भरायची नाही. राहिली ती राहिली.

तक्त्याचं काम वेगळं. तो काय वाचलं हे सांगत नाही, कधी वाचलं नाही हे सांगतो. २२ बाय २८ इंची कार्डशीट आडवी धरली तर लांबी ७१ सेंटिमीटर होते. २ सेंटिमीटरचे ३१ चौकोन म्हणजे ६२, उरलेल्या ९ सेंटिमीटरमध्ये नाव. माणशी एक ओळ. गोष्ट, माहिती, मासिक आणि ऐकलेलं असे चार रंग, त्याहून जास्त नकोत, नाहीतर स्केचपेन शोधण्यातच बैठक जाते. दिवसाला एकच चौकोन, मग बैठका कितीही होवोत. हा नियम मोडला की मुलं वाचायचं सोडून रंगवायला लागतात.

महिनाअखेरी तक्त्यासमोर उभं राहिलं की चाचणी परीक्षेचा आठवडा, गणपतीचे दिवस, पाहुण्यांचा शनिवार-रविवार पांढरे दिसतात. हे वहीत इतकं झटकन दिसत नाही. मात्र भावंडांची ओळीओळीत तुलना सुरू होते आणि मागे पडलेलं मूल तक्त्याकडे बघणंच टाळतं. म्हणूनच तो दोन-तीन महिन्यांनी उतरवा. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीवरून चिकटपट्टी सुटते, तेव्हा वरच्या कडेला पट्टी लावून खिळ्यालाच टांगलेला बरा.

शीटमध्ये रकाने वहीचेच, वर प्रकार आणि बैठका असे दोन, पण भरायची शिस्त जास्त लागते, कारण माणूस समजून घेतो ते शीट घेत नाही. सेटिंगमध्ये देश भारत ठेवा, नाहीतर ५/६ ही तारीख ५ जून न होता ६ मे होऊन बसते. बैठकांचा आकडा इंग्रजी अंकांत टाका. देवनागरी अंक नुसता मजकूर म्हणून बसतात आणि बेरजेत येत नाहीत. नावं आणि प्रकार हातानं टाइप करू देऊ नका, ड्रॉपडाउन, म्हणजे निवडायची तयार यादी, द्या. एकानं ‘कादंबरी’, दुसऱ्यानं ‘कांदबरी’ आणि तिसऱ्यानं शेवटी स्पेस मारून ‘कादंबरी ’ लिहिलं की फिल्टरमध्ये तीन प्रकार दिसतात. वाचून दाखवलेल्या पुस्तकाच्या दोन ओळी होतात, म्हणून वेगवेगळी पुस्तकं मोजताना साधी मोजणी न लावता काउंटयुनिक हे एकच नाव एकदाच मोजणारं सूत्र वापरा. फायदा असा, की पुण्यातल्या मुलीनं बसमध्ये भरलेली ओळ आजीला त्याच संध्याकाळी वाचून दाखवता येते. तोटा असा, की शीट भरायला मोबाइल हातात घेतला की वाचायला आलेली वेळ तिथेच जाते. दहा वर्षांखालच्या मुलांना यात अजिबात ओढू नका.

साधन कुठलंही असो, महिन्याच्या शेवटच्या रविवारी अर्धा तास एकत्र बसणं चुकवू नका. सर्वांत लहान माणसानं आधी बोलायचं, नाहीतर तो मोठ्यांचीच मतं परत म्हणतो. सुरुवात अर्धवट सोडलेल्या पुस्तकांपासून. सोडण्याचं कारण पाचांपैकी एक असतं: टाइप बारीक, भाषा जड, रस गेला, वेळ नव्हता, परत द्यावं लागलं. पाचही वेगळी आहेत आणि त्यावरचे उपायही वेगळे. ‘टाइप बारीक’ असेल तर आजीला नवी आवृत्ती आणून द्या किंवा चष्म्याचा नंबर तपासा. ‘परत द्यावं लागलं’ असेल तर तेच पुस्तक पुन्हा काढा. ‘रस गेला’ हे पहिल्या ५० पानांनंतर म्हटलं तर मान्य, त्यावर चर्चा नको. त्याच रविवारी पुढच्या महिन्याच्या पुस्तकांची तीन नावं लिहून खिशात टाका, म्हणजे सावानाच्या कपाटासमोर उभं राहून डोकं खाजवायची पाळी येत नाही.

एका साधनावरून दुसऱ्यावर जायचं तर १ तारखेलाच जा. मागचे महिने नव्या ठिकाणी उतरवत बसू नका. तसं करायला घेतलेली बहुतेक घरं तिसऱ्या महिन्यापाशी थकतात आणि जुनी वहीही बंद, नवी शीटही रिकामी अशी गत होते. जुनी वही तशीच कपाटात ठेवा, फक्त तिच्या शेवटच्या पानावरची ‘उसनी दिलेली’ ही यादी तेवढी पुढे न्या. ती नेली नाही तर पुस्तकं परत येत नाहीत.