सिल्डेनाफिलची गोळी: फोंड्यातील एका पत्नीचा अभिप्राय

माझ्या यजमानांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या दिवाळीनंतर धुवायला काढलेल्या त्यांच्या पँटच्या खिशात मला सिल्डेनाफिलच्या, म्हणजे संबंधाच्या वेळी लिंगाला ताठरता यावी म्हणून पुरुष घेतात त्या औषधाच्या, ५० मिलिग्रॅमच्या गोळ्यांची अर्धी रिकामी पट्टी सापडली. माझ्याशी एका शब्दाने न बोलता हे औषध सुरू झाले, याचे मला फार वाईट वाटले. जवळच्या मैत्रिणींपाशी विषय काढला, तेव्हा एक म्हणाली, “त्यांनी गोळी घेतली, की मला नको म्हणायची सोयच राहत नाही.” दुसरीला वाटत होते, की आपल्याबद्दलची ओढ संपली म्हणूनच औषधाची गरज पडली.

पुढे आम्ही दोघे पणजीतील एका मूत्रविकारतज्ज्ञांकडे गेलो. ही गोळी रक्तवाहिन्या सैल करून रक्तपुरवठा वाढवते, पण इच्छा निर्माण करत नाही, आणि मनात ओढ नसेल तर तिचा उपयोगही होत नाही, हे त्यांनी माझ्याकडे पाहून सांगितले, तेव्हा माझ्या मनावरचे मोठे ओझे उतरले. छातीत दुखते का, जिभेखाली ठेवायची गोळी कधी घेता का, हेही त्यांनी विचारले. कारण जिभेखालच्या त्या गोळीसारख्या नायट्रेटच्या औषधासोबत सिल्डेनाफिल घेतल्यास रक्तदाब एकदम खाली जाऊन जिवावर बेतू शकते. ताठरता न येण्याचा त्रास कधीकधी हृदयविकाराची पहिली खूण असतो, म्हणून ईसीजीही काढला. ज्या फार्मसीतून पहिली पट्टी आली, तिथे यातले काहीच विचारले गेले नव्हते. कायद्याने डॉक्टरांची चिठ्ठी आवश्यक असूनही तीसुद्धा मागितली नव्हती, याचा मला आजही संताप येतो.

औषध म्हणाल तर गुणकारी आहे. साधारण तासभर आधी, हलक्या पोटी घेतल्यास परिणाम नीट होतो. रविवारी शागोतीच्या, म्हणजे मसालेदार मटणाच्या, जड जेवणावर ताव मारून घेतली, तेव्हा बराच वेळ काहीच जाणवले नाही. डोके दुखणे, चेहरा लाल होणे, नाक चोंदणे हे त्रास यजमानांना झाले, मात्र ते दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकले नाहीत. माझी तक्रार आहे ती खोक्यातल्या माहितीपत्रकाबद्दल. ते बारीक इंग्रजी अक्षरांत आहे, आणि घरातल्या बाईने वाचावे असे त्यात एकही वाक्य नाही. मराठीत आणि कोकणीत एक पान घातले, तर कितीतरी घरांतला अबोला टळेल.

आता ही पट्टी मधुमेहाच्या गोळ्यांच्या डब्यातच असते, आणि संपत आली की चिठ्ठी घेऊन फार्मसीत मीच जाते.