दोन मायकांचे कोडे: व्हॉल्व्हच्या हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरचे किट

व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओतली काचेची नळी) आणि मॉस्फेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) यांची सांगड घालणारा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर घरी जुळवण्याचे एक किट मी गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मागवले आणि वर्षभर रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत वापरले. सर्किट उत्तम, सुटे भाग बरे आणि सोबतची माहितीपत्रिका कमालीची निष्काळजी, असे माझे मत आहे.

सर्किट हौशी मंडळींच्या ओळखीचेच आहे. १२एयू७, म्हणजेच ईसीसी८२, या व्हॉल्व्हच्या एकाच काचेत दोन ट्रायोड, म्हणजे सिग्नल वाढवणारे दोन स्वतंत्र भाग, असतात, डाव्या-उजव्या कानासाठी एकेक. व्हॉल्व्ह सिग्नलचे व्होल्टेज वाढवतो, पण ३२ ओहमचा हेडफोन वाजवण्याइतका करंट त्याला झेपत नाही. म्हणून पुढे आयआरएफ५१० हा मॉस्फेट आणि त्याखाली ठरावीक करंट ओढणारा एलएम३१७ हा रेग्युलेटर बसवलेला आहे. एलएम३१७ कायम राखतो त्या १.२५ व्होल्टला ५ ओहमचा रेझिस्टर जोडला की २५० मिलिअँपिअर ठरून जातात आणि गाणे चालू असो वा नसो, ते वाहतच राहतात. दोन्ही बाजू आणि फिलामेंटचे, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेचे, १५० मिलिअँपिअर धरून सगळा पसारा १२ व्होल्टवर जेमतेम ८ वॅट खातो. जुन्या रेडिओतल्यासारखे शेकडो व्होल्ट इथे नसल्यामुळे नवशिक्यालाही हात घालता येतो.

त्यातले पाचेक वॅट नुसती उष्णता होऊन चार भागांतून बाहेर पडतात आणि माझी खरी तक्रार इथूनच सुरू होते. दोन मॉस्फेट आणि दोन एलएम३१७ एकाच अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर कसायचे, पण उष्णता जाऊ देऊन वीज अडवणारे अभ्रकाचे तुकडे, ज्यांना दुकानात मायका म्हणतात, पाकिटात दोनच होते आणि ते कुठे घालायचे याबद्दल पत्रिकेत अक्षर नव्हते. मी ते डाव्या बाजूच्या दोन्ही भागांखाली घातले. उजवीकडे मॉस्फेटची पाठ, जी १२ व्होल्टवर असते, पट्टीतून थेट एलएम३१७च्या आउटपुटला भिडली. अ‍ॅडॉप्टर टिकटिकू लागला आणि तिकडचा रेझिस्टर करपला. बाजारपेठेतल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. "मास्तर, दोन पुरतात, पण ते दोन्ही ३१७खाली हवेत, आणि मग पट्टी १२ व्होल्टवर राहणार. त्यापेक्षा चारही घाला आणि निवांत राहा," असे म्हणून त्यांनी जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधून काढलेले दोन मायका आणि स्क्रूचे प्लॅस्टिकचे बुश दिले.

पत्रिकेतली दुसरी चूक अधिक महाग पडू शकते. "कोणताही नऊ पायांचा व्हॉल्व्ह चालेल," असे तीत छापले आहे. ईसीसी८८चे पाय याच सॉकेटमध्ये बसतात खरे, परंतु त्याचे फिलामेंट ६.३ व्होल्टचे असते; त्याच दोन पायांना १२ व्होल्ट मिळाले तर ते जळेल.

आवाजाबद्दल जपून लिहितो, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. फोन आणि अ‍ॅम्प्लिफायर यांची पातळी सारखी करून ऐकल्यावर तंबोऱ्याची जवारी थोडी भरीव लागते, एवढेच मी म्हणेन; ट्रायोड मुख्यतः वरच्या सप्तकातला स्वर मिसळतो आणि तंबोऱ्याला तो मानवतो. डग्ग्याचा घुमारा उतरत नाही, कारण आउटपुटला ४७० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आहेत आणि ३२ ओहमवर त्यांची खालची मर्यादा ११ हर्ट्झच्या आसपास येते, म्हणजे त्याहून खालचाच आवाज अडतो. चालू करताना मात्र हेडफोन कानाला लावू नये, कपॅसिटर भरताना चांगलाच ठोका बसतो. संवेदनशील इअरफोनमध्ये अ‍ॅडॉप्टरची बारीक सूं ऐकू येते. पावसात वीज गेल्यावर १२ व्होल्टच्या ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीवर लावले, तेव्हा ही सूं पूर्ण थांबली.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी सोल्डर केल्यानंतर राहिलेला फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून वापरतात तो चिकट पदार्थ) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावा, कारण फ्लक्स ओल धरतो. मी आळस केला आणि श्रावणात व्हॉल्यूमचा पॉट (आवाज कमीजास्त करणारा फिरता रेझिस्टर) व व्हॉल्व्हचे सॉकेट दोन्ही खरखरू लागले. व्हॉल्व्ह काढून पाय पुसले, पुन्हा बसवला, तेव्हा निम्मी खरखर गेली. उरलेली पॉटची होती आणि तो बदलावा लागला.

पाचपैकी साडेतीन तारे. मायकांबद्दल विक्रेत्याला दोनदा लिहिले, दोन्ही वेळा "पाठवतो" असे उत्तर आले; पट्टीखाली अजून काकांचेच मायका आहेत.