उद्यमबागेतलं 100 केव्हीएआरचं एपीएफसी पॅनेल: मशीन शॉपला उत्तम, फर्नेसला असंच नको

बेळगावच्या उद्यमबागेत स्थानिक पॅनेलवाल्याने बनवलेल्या एपीएफसी पॅनेलचा, म्हणजे गरजेप्रमाणे कपॅसिटर आपोआप जोडून पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या पॅनेलचा, हा रिव्ह्यू. बसवलंय मशीन शॉपमध्ये. लेथ, ग्राइंडर, कॉम्प्रेसर मिळून लोड 120 किलोवॉटपर्यंत जातो आणि पॅनेल नसताना पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामाचा हिस्सा) 0.78 होता. हेस्कॉम या वीज कंपनीच्या एचटी (उच्च दाबाच्या) जोडणीला 0.90 ची अट आहे. त्याखाली गेलं की युनिटमागे सरचार्ज लागतो, म्हणून 0.98 चं लक्ष्य धरलं. हिशेब सोपा: पॉवर फॅक्टर 0.78 असताना कोनाचा टॅन 0.80, 0.98 असताना 0.20. फरक 0.60 गुणिले 120, म्हणजे 72 केव्हीएआर (कपॅसिटरची ताकद मोजायचं एकक).

मग 100 चं कशाला? कारण कपॅसिटर 440 व्होल्टचे आहेत आणि लाइन 415 ची. व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात ताकद घटते, त्यामुळे 100 चे प्रत्यक्षात 89 च उरतात. कोटेशन वाचताना केव्हीएआरच्या आकड्याशेजारी व्होल्टेज लिहिलंय का ते आधी बघा.

या पॅनेलची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे स्टेपची (एकेका वेळी जोडल्या जाणाऱ्या कपॅसिटरच्या टप्प्यांची) वाटणी: 5, 10, 10, 25, 25, 25. पाचाच्या पटीतला कुठलाही आकडा यातून जुळतो. स्वस्तात 25 च्या चार स्टेपचं पॅनेलही मिळतं, पण ते घेऊ नका. दुपारच्या सुट्टीत बहुतेक मशीनं बंद पडली आणि गरज 10 वर आली, की 25 ची स्टेप आत गेल्यावर लीडिंग (कपॅसिटर जास्त) आणि बाहेर आल्यावर लॅगिंग (कपॅसिटर कमी). रिले, म्हणजे पॉवर फॅक्टर बघून स्टेप आत-बाहेर करणारा कंट्रोलर, दिवसभर हेलपाटे घालतो आणि कॉन्टॅक्टर (स्टेप जोडणारा स्विच) खातो.

कॉन्टॅक्टर कपॅसिटर ड्यूटीचेच आहेत, हे बघून बरं वाटलं. डोक्यावर वायरच्या गुंडाळ्यांसारखे रेझिस्टर दिसतात. ते मुख्य कॉन्टॅक्टच्या क्षणभर आधी जोडले जाऊन सुरुवातीचा करंटचा झटका अडवतात. वर्षभराने उघडून बघा: या गुंडाळ्या काळ्या पडल्या असतील किंवा तुटल्या असतील, तर कॉन्टॅक्ट वितळायला वेळ लागत नाही. मोटरचा साधा कॉन्टॅक्टर बदली म्हणून कधीच लावू नका. मेन एमसीसीबी (मुख्य ब्रेकर) 250 ऍम्पिअरचा दिलाय, तेही योग्य. 100 च्या या पॅनेलला 415 वर साधारण 124 ऍम्पिअर जातात आणि दीडपट धरायलाच हवेत.

आता खरी गडबड होते ती सीटीची (करंट मोजायच्या ट्रान्सफॉर्मरची), आणि बसवणाऱ्याने इथेच घाई केली होती. सीटी इनकमरवर (बाहेरून येणाऱ्या मुख्य लाइनवर) हवा, म्हणजे लोड आणि कपॅसिटर दोघांचाही करंट त्यातून गेला पाहिजे. तो पॅनेलच्या टॅपिंगनंतर लोडकडे लावला, तर कपॅसिटरने काय केलं ते रिलेला दिसतच नाही. तो एकेक करून सगळ्या स्टेप आत घालतो. नेहमीच्या जोडणीत सीटी आर फेजवर आणि रिलेला व्होल्टेज उरलेल्या वाय-बी फेजमधून. तपासणी अशी: लोड चालू ठेवून रिले मॅन्युअलवर घ्या आणि 25 ची एक स्टेप आत घाला. लॅगिंगचा आकडा 1 कडे सरकला तर सगळं बरोबर. जागचा हलला नाही तर सीटीची जागा चुकली. उलटा गेला तर पोलॅरिटी किंवा फेज. वायर काढण्याआधी सीटीचे सेकंडरी टर्मिनल शॉर्ट करा, उघड्या सीटीवर जीवघेणं व्होल्टेज येतं.

स्टेप पुन्हा आत घेण्याआधीचा वेळ रिलेमध्ये 60 सेकंद ठेवलाय, तो कमी करू नका. चार्ज उरलेल्या कपॅसिटरवर लाइन जोडली की स्फोटासारखा आवाज येतो, आणि हळूहळू तोच कपॅसिटर फुगतो. दर तिमाहीला क्लॅम्प मीटर लावा: 440 व्होल्टच्या 25 च्या स्टेपला 415 वर साधारण 31 ऍम्पिअर यायला हवेत. एका फेजला 25 च्या आसपास दिसले तर तो कपॅसिटर संपत आलाय. पंख्याची जाळी मात्र या पॅनेलमध्ये कमजोर आहे. उद्यमबागेच्या वाळूधुळीत ती लवकर बसते, दर आठवड्याला झाडा.

शेजारच्या फाउंड्रीला मात्र हेच पॅनेल देऊ नका. इंडक्शन फर्नेस आणि व्हीएफडीचे (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचे) पाचवे-सातवे हार्मोनिक्स, म्हणजे लाइनच्या पाच-सात पट फ्रिक्वेन्सीचे करंट, कपॅसिटरला जाळतात. तिथे 7 टक्के रिअॅक्टर (कपॅसिटरच्या आधी जोडलेली कॉइल) आणि त्याला साजेसे 525 व्होल्टचे कपॅसिटर हवेत. महाग पडतं, पण साध्या पॅनेलने तिथे भागत नाही. स्पॉट वेल्डिंगच्या झपाट्यालाही कॉन्टॅक्टर पुरत नाही, थायरिस्टर (इलेक्ट्रॉनिक स्विच) लागतो.

छतावर सोलर असेल तर ऑर्डर देण्याआधीच सांगा. सोलर किलोवॉट उचलतं, पण केव्हीएआर हेस्कॉमकडूनच येत राहतात. त्यामुळे भर दुपारी मीटरवरचा पॉवर फॅक्टर खाली येतो, आणि साधा रिले उलट्या करंटला गोंधळतो. चार क्वाड्रंटचा (दोन्ही दिशांची वीज ओळखणारा) रिले मागा. जनरेटर असेल तर त्याच्या चेंजओव्हरचा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट रिलेला जोडून घ्या, म्हणजे जनरेटरवर असताना कपॅसिटर आपोआप सुटतील.