डिस्प्लेकॅलने मॉनिटर कॅलिब्रेट केला: नवशिक्यांसाठी रिव्ह्यू

लग्नाचे फोटो एडिट करणाऱ्या कोणालाही विचारा, अल्बम हातात आला की पहिली तक्रार एकच, "प्रिंट काळपट आली". आणि बोलणी खातो लॅबवाला. खरं कारण बहुतेक वेळा आपल्या टेबलावरच असतं. नागपुरात दुपारी खोलीत इतका उजेड असतो की ब्राइटनेस आपोआप शंभरवर जातो, त्या झगझगीत स्क्रीनवर फोटो छान उजळ दिसतो म्हणून आपण तो तसाच सोडून देतो, आणि कागदाला काही मागून लाइट नसतो ना.

यावर डिस्प्लेकॅल हे मॉनिटर कॅलिब्रेट करायचं, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजून बरोबर करायचं सॉफ्टवेअर मस्त आहे. फुकट आणि ओपन सोर्स, मोजमापाचं काम आतून आर्गिल सीएमएस हे दुसरं सॉफ्टवेअर करतं. मूळ व्हर्जन बरीच वर्षं अपडेट झालेलं नाही, त्यामुळे पायथन ३ (प्रोग्रामिंग भाषा) वालं नवीन व्हर्जन घ्या. फक्त सोबत स्क्रीनवर टेकवायचं कलरिमीटर, म्हणजे रंग मोजायचं छोटं यंत्र, लागतंच, मी मित्राकडून आय-वन डिस्प्ले प्रो आणलं (आता हे कॅलिब्राइट नावाने येतं). महाग वस्तू आहे, तीन-चार फोटोग्राफरनी मिळून घ्यावी, रोज थोडीच लागते. विंडोजमध्ये नुसत्या डोळ्याने स्लायडर हलवायचं जे कॅलिब्रेशन आहे त्याच्या भरवशावर राहू नका, डोळा कुठल्याही पांढऱ्याला लगेच सरावतो, निळसर असो की पिवळट.

मॉनिटर आधी अर्धा तास चालू ठेवा, नाइट लाइट, इको मोड, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट सगळं बंद. शक्यतो संध्याकाळी, पडदे ओढून करा. टार्गेट साधं ठेवा: व्हाइट पॉइंट (पांढरा किती निळसर-पिवळट) ६५०० केल्विन, गॅमा (मधल्या छटा किती उजळ-गडद) २.२, ब्राइटनेस १२० निट्स (स्क्रीनच्या उजेडाचं माप).

मला सगळ्यात आवडला तो मोजमापाच्या आधीचा स्क्रीन. लाल, हिरवा, निळा असे तीन पट्टे आणि खाली ब्राइटनेसचा एक, प्रत्येकावर खूण. मॉनिटरच्या बटणांनी ते खुणेवर आणायचे. माझ्याकडे निळा पट्टा खुणेच्या पार पुढे गेलेला, मॉनिटरच्या मेनूत यूजर कलरमध्ये जाऊन निळा एकेक अंकाने उतरवला तसा पांढरा रंग डोळ्यांसमोर बदलत गेला, आणि ब्राइटनेस तर अर्ध्याहून खाली आणावा लागला. अर्धा फायदा इथेच होतो, इथे घाई करू नका. सुरुवातीला स्क्रीन मळकट, पिवळी वाटेल, एक-दोन दिवसांत सवय होते. पुढचं मोजमाप ते स्वतः करतं, रंगीत चौकोन येत-जात राहतात, तेवढा वेळ माउसला हात लावायचा नाही.

शेवटी व्हेरिफाय केलं तर सरासरी डेल्टा-ई (हवा तो रंग आणि दिसतो तो रंग यांतला फरक, जितका कमी तितका चांगला) १ च्या खाली आला, २ च्या आत असला तरी उत्तमच. पण आकड्यापेक्षा मला पटलं ते हळदीच्या फोटोत. गालावरची हळद आणि खालचा गव्हाळ रंग आता वेगवेगळे दिसतात, आधी निळसर झाक सगळ्यावर पसरलेली असायची.

कमी काय? नवीन माणूस मेनू बघूनच घाबरतो. कलरिमीटरच्या करेक्शनच्या यादीत तुमच्या पॅनलच्या बॅकलाइटप्रमाणे (स्क्रीनच्या मागचा लाइट) निवडावं लागतं, साध्या मॉनिटरला व्हाइट एलईडी, वाइड गॅमटला (जास्त रंग दाखवणारा मॉनिटर) वेगळं, आणि हे चुकलं तर सगळं मोजमाप फसतं, इतकी महत्त्वाची गोष्ट इतक्या कोपऱ्यात नको होती. आणि स्वस्त टीएन पॅनल कॅलिब्रेट करून आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग नीट दाखवणारं पॅनल) होत नाही, मान हलवली की रंग हलणारच. डिस्प्लेकॅलचा प्रोफाइल लोडर (केलेलं कॅलिब्रेशन स्क्रीनला लावणारा छोटा प्रोग्राम) मात्र विंडोजसोबत सुरू होऊ द्या, नाहीतर केलेलं कॅलिब्रेशन लोड न होण्याची शक्यता असते.

फोटोचं काम असेल तर डोळे झाकून करा. महिन्यातून एकदा परत मोजा. अल्बम टाकायच्या आधी बर्डीवर (नागपुरातली सीताबर्डी) किंवा जिथे तुमची लॅब असेल तिथे एसआरजीबीमध्ये (फोटो सेव्ह करायची नेहमीची कलर सेटिंग) एक छोटी टेस्ट प्रिंट काढा, तीही काळपट वाटली तर १२० चे १०० निट्स करून बघा.