स्वस्तातली की आणि भाच्याचं शेत

भाच्याच्या वाढदिवसाला स्टारड्यू व्हॅली द्यायचं ठरवलं होतं. एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसाने चारेक वर्षं राबून २०१६ साली आणलेला हा शेतीचा गेम. चित्रं, संगीत, कोड, सगळं त्याचंच. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात दर बघितला, आणि सर्च करताना 'की' विकणारी एक साइट दिसली. की म्हणजे स्टीमवर टाकला की गेम आपल्या खात्यात येतो तो कोड. भाव निम्म्याहून कमी, विक्रेत्याचं रेटिंग ९८ टक्के. घेऊन टाकली.

पैसे भरताना १८९ चे २३१ झाले, सेवा शुल्क म्हणे. तिथेच थांबायला हवं होतं. त्याच पानावर सदस्यत्वाच्या चौकोनात आधीच टिक केलेली होती, आणि यूपीआय पिन टाकला तेव्हा ऑटोपेलाही मंजुरी गेली. पुढच्या महिन्यात २७० रुपये कापल्याचा मेसेज आला तेव्हा कळलं.

की मात्र चालली. तीन आठवडे भाचा रोज शाळेतून आला की शेतावर. मग फोन आला, "मामा, गेम लायब्ररीत दिसतच नाहीये. माझी कोंबड्यांची खुराडी, सगळं गेलं." की रद्द झाली होती. साइटवर पाहिलं तर तो विक्रेताच नाहीसा. स्टीमकडूनही पैसे मिळेनात, कारण घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळलेल्या गेमचे पैसे परत देण्याचा त्यांचा नियम बाहेरून घेतलेल्या कीला लागू नाही.

नंतर हा धंदा नीट समजून घेतला आणि फार वाईट वाटलं. चोरलेल्या कार्डांवर कुठल्यातरी दुकानातून ढिगाने की घेतात आणि अशा बाजारात विकतात. कार्डाचा खरा मालक तक्रार करतो, बँक दुकानाकडून पैसे परत ओढते, वर दंडही लावते. ते दुकान बऱ्याचदा गेम बनवणाऱ्याचंच असतं. मग तो त्या की रद्द करतो. म्हणजे माझ्या २३१ रुपयांतला एक पैसाही त्याला मिळाला नव्हता, उलट त्याच्याच खिशातून गेले असण्याची शक्यता जास्त.

आता मी आधी गेमच्या स्वतःच्या वेबसाइटवर जातो आणि तिथे ज्या दुकानांच्या लिंक दिल्यात त्यांतूनच घेतो. जीओजी या दुकानात ३० दिवसांत पैसे परत मागता येतात आणि इन्स्टॉलर, म्हणजे गेम बसवायची फाइल, आपल्याकडे ठेवता येतो, तो कोणी काढून घेत नाही. इच डॉट आयओ या दुसऱ्या दुकानात दुकानाचा वाटा किती हे बनवणाराच ठरवतो; स्टीम साधारण ३० टक्के ठेवतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या कंपनीचा 'राजी' हा गेम मी असाच घेतला. पानावर 'विक्रेता' असा शब्द आणि त्यापुढे तारे दिसले तर ते दुकान नाही, बाजार आहे, हे पक्कं धरा. पैसे गेलेच असतील तर यूपीआय ॲपमधला ऑटोपे आधी बंद करा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

भाच्यासाठी गेम पुन्हा पूर्ण दराने घेतला. सेव्ह फाइल त्याच्या कॉम्प्युटरवरच होती. उघडलं तर कोंबड्या जागच्या जागी होत्या.